बायोचारच्या छिद्रांत राहतं कोण? : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर : आखणी

प्रश्न एकच ठेवला आहे. बायोचार, म्हणजे कमी हवेत तापवून केलेला मातीत घालायचा कोळसा, मातीत मिसळल्यावर जिवाणू आणि बुरशी त्याच्या छिद्रांत खरोखर वस्ती करतात, की बाहेरच्या अंगाला चिकटून राहतात? आणि वस्ती होत असेल तर ती कोळशाच्या कोणत्या गुणामुळे?

बायोचारच्या पिशवीवर ‘एका ग्रॅममागे इतके चौरस मीटर पृष्ठभाग’ असा आकडा छापलेला असतो आणि त्याला लागूनच सूक्ष्मजीवांच्या घराबद्दल मजकूर असतो. या दोन गोष्टींचा आपसात फारसा संबंध नाही. तो आकडा उणे १९६ अंश सेल्सिअसला नायट्रोजन वायू शोषवून काढतात. या वायूने मोजलेली जागा मुख्यतः काही नॅनोमीटर रुंदीच्या फटींतली असते. मातीतला जिवाणू अर्धा ते दोन मायक्रॉनचा, म्हणजे ५०० ते २,००० नॅनोमीटरचा. ज्या फटीत तो शिरूच शकत नाही तिचं क्षेत्रफळ त्याच्या काय कामाचं? ती फट विरघळलेली द्रव्यं धरून ठेवते, हे खरं. पण ते काम वेगळं आहे, आणि पुढे मोजणीच्या वेळी तेच आडवं येणार आहे.

नमुने असे :

ल-४०० : कठीण लाकूड, ४०० अंश सेल्सिअस.
ल-६०० : तेच लाकूड, ६०० अंश.
तू-५०० : भाताचं तूस, ५०० अंश.
प्यू : प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे त्याच मापाचे तुकडे. हा कोळसाच नाही.

चौथ्या नमुन्यावर थोडं अडून बसलो. प्युमिस सच्छिद्र आहे, पण त्यात कर्ब नाही. सूक्ष्मजीव त्यातही तितकेच भरले तर ज्याला ‘बायोचारचा गुण’ म्हणतात तो निव्वळ भोकाचा गुण ठरेल. छोट्या चाचण्यांत हे नियंत्रण सहसा नसतं. नुसती माती आणि बायोचार घातलेली माती एवढीच तुलना असते, आणि तिच्यातून सामूचा परिणाम, ओलाव्याचा परिणाम आणि जागेचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

९ नोव्हेंबर : भट्टी

लाकूड साल काढून, उभं चिरून २ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे केले. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली हवा. त्याहून ओल्या लाकडात सुरुवातीची उष्णता पाणी उडवण्यातच जाते, आणि भांड्याच्या कडेचे तुकडे झाले तरी मधले कच्चे राहतात. असा मिश्र कोळसा या कामाला निरुपयोगी, कारण मग ‘४०० अंशांचा नमुना’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

भांडं म्हणजे झाकणाचा पोलादी डबा, बाहेरून तापवलेला. वायूला बाहेर पडायला २५ मिलिमीटरची नळी असून तिचं तोंड खालच्या जाळात सोडलं आहे. वायू निघत असताना डबा पूर्ण बंद कधीच करायचा नाही, दाब वाढून झाकण उडतं. के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, डब्याच्या भिंतीला न टेकवता मालाच्या मधोमध. भिंतीवरचं तापमान आणि मधलं तापमान यांत सुरुवातीला शंभर अंशांचाही फरक सहज दिसतो. चढ मिनिटाला ५ ते १० अंश, ठरलेल्या तापमानाला एक तास मुक्काम. काम उघड्यावर, कारण निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो.

सगळ्यात जास्त नासधूस शेवटच्या टप्प्यात होते. आच बंद केली की डब्यातले डांबरी वायू थंड होऊन पुन्हा कोळशावरच बसतात. कोळसा दिसायला चांगला, पण वास धुराचा आणि छिद्रांच्या तोंडाशी डांबराचा थर. म्हणून मुक्काम संपल्यावर आच एकदम काढायची नाही. नळीतून येणारा वायू पेटता राहीनासा झाला, धूर विरळ झाला, की मगच नळी बंद करून डबा थंड करायचा.

उतारा वजनाने : ल-४०० सुमारे तिसरा हिस्सा, ल-६०० सुमारे चौथा. तुसाचा उतारा जास्त दिसतो, पण त्यात राखेचा, म्हणजे मुख्यतः सिलिकाचा, वाटा मोठा आहे. त्याला कर्बाचा उतारा समजू नये.

१० नोव्हेंबर

डबा उघडल्यावर लगेच पाणी. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर ओढून घेतो आणि त्यात तापतो. मोठ्या ढिगात ती उष्णता बाहेर पडत नाही आणि विझलेला वाटणारा ढीग काही तासांनी पेट घेतो. पातळ थरात पसरून ओलाच ठेवला.

११ नोव्हेंबर : फोडणे, चाळणे

ओला असतानाच फोडला. कोरडा कोळसा फोडला की उडणारी धूळ फुप्फुसात खोल जाते, आणि तुसाच्या कोळशात सिलिका असल्यामुळे ती जास्त वाईट. एन-९५ मास्क तरीही लावला. २ ते ४ मिलिमीटरचा भाग पिशव्यांसाठी, अर्धा ते २ मिलिमीटरचा कुंड्यांसाठी. पाव मिलिमीटरच्या खालची भुकटी बाजूला काढली. भुकटीत झाडाच्या पेशींची मूळ रचना मोडलेली असते, त्यामुळे ‘छिद्रात वस्ती’ हा प्रश्नच तिला लागू पडत नाही.

तुसाला फोडावं लागत नाही.

१३ नोव्हेंबर : प्राथमिक तपासण्या

सामू : १ ग्रॅम कोळशाला २० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, दीड तास शेकरवर, मग मीटर. ल-४०० आठच्या आसपास, ल-६०० साडेनऊकडे, तू-५०० दोघांच्या मधे. तापमान चढतं तशी आम्लधर्मी द्रव्यं उडून जातात आणि राखेतले क्षार मागे राहतात, म्हणून हा चढ अपेक्षितच. याच पाण्याची विद्युत वाहकताही नोंदवून ठेवली.

आम्लाचा थेंब : सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर ल-६०० वर बारीक फसफस. म्हणजे राखेत कार्बोनेट आहेत. ही खूण वहीत ठळक करून ठेवली, कारण श्वसन मोजताना लागेल.

पाण्याचा थेंब : कोरड्या चुऱ्याच्या सपाट थरावर थेंब ठेवून तो मुरायला लागणारा वेळ मोजायचा. ५ सेकंदांच्या आत मुरला तर कोळसा पाणी घेतो. ६० सेकंदांच्या पुढे गेला तर तो पाणी स्पष्टपणे झटकतो. ल-६०० आणि तू-५०० वर थेंब लगेच गेला. ल-४०० वर तो मोत्यासारखा बसून राहिला.

तरंगणं : इथे दोन कारणांची गल्लत होते. कोळसा तरंगतो तो पृष्ठभाग तेलकट आहे म्हणून, किंवा छिद्रांत हवा अडकली आहे म्हणून. दहा मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. बुडाला तर अडचण हवेची होती. तरीही तरंगला तर एकतर आत तोंड बंद असलेल्या पोकळ्या आहेत किंवा पृष्ठभाग पाणी झटकतो, आणि ते थेंबाच्या चाचणीवरून कळतं. ल-४०० चे बरेच तुकडे उकळल्यावरही वरच राहिले.

उगवण : हळिवाचं बी दोन प्रकारे. एकात कोळशाच्या पाण्याने भिजवलेल्या गाळणकागदावर. दुसऱ्यात बंद डब्यात तळाला ओला कोळसा आणि वर जाळीवर ओल्या कागदावर बी, कोळशाला स्पर्श न होता. दुसऱ्या डब्यात बी खुरटलं तर दोष उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. फक्त पहिल्यात खुरटलं तर क्षारांचा किंवा सामूचा संशय घ्यायचा. दोन्ही एकदम केल्याशिवाय निदान होत नाही. तिन्ही कोळसे बाष्पाच्या चाचणीत पास. तू-५०० च्या पाण्यात मुळं किंचित आखूड, कोळसा एकदा धुतल्यावर ठीक.

१८ नोव्हेंबर : छिद्रं आणि पाणी

लाकडी कोळसा आडवा मोडला की मोडलेल्या तोंडावर मूळ झाडाची बांधणी जशीच्या तशी दिसते. जळताना ती आडवी आकसते, पण मोडत नाही. ४० पट भिंगाखाली जलवाहिन्यांची गोल तोंडं स्पष्ट आहेत, बरीचशी ३० मायक्रॉनच्या वर. त्यांच्यामधल्या तंतुपेशींच्या पोकळ्या काही मायक्रॉनच्या, आणि वाहिन्यांच्या भिंतीवर त्याहून बारीक खाचा. ही मापं भट्टीने ठरवलेली नाहीत, झाडाने ठरवलेली आहेत. ४०० आणि ६०० अंशांच्या तुकड्यांत या पातळीवर नजरेला फरक सापडत नाही, वायूने मोजलेल्या पृष्ठभागाच्या आकड्यात मात्र तो मोठा असतो. सूक्ष्मजीवांसाठी कोळसा निवडायचा तर आधी कच्चा माल बघावा, तापमान नंतर.

तुसाची गोष्ट वेगळी. ते होडीच्या आकाराचं पातळ कवच, बाहेरून सिलिकाच्या उंचवट्यांच्या रांगा आणि आतून गुळगुळीत. लाकडासारख्या लांब नळ्या त्यात नाहीत. एकावर एक बसलेल्या कवचांच्या मधल्या पोकळ्या मोठ्या आहेत, पण त्या मातीने लगेच भरतात.

आता पाणी. जिवाणू पाण्याच्या पापुद्र्यात जगतो, कोरड्या पोकळीत नाही. कोणत्या मापाच्या छिद्रात पाणी कधीपर्यंत टिकतं याचा ढोबळ हिशेब सोपा आहे : व्यास मायक्रॉनमध्ये काढायचा तर ३०० ला मातीच्या ताणाने, म्हणजे माती पाणी किती जोराने धरून ठेवते त्या आकड्याने, किलोपास्कलमध्ये, भागायचं.

ताण १० किलोपास्कल, म्हणजे साधारण वाफसा असताना, ३० मायक्रॉनपेक्षा रुंद छिद्रं रिकामी झालेली असतात. १०० ला फक्त ३ मायक्रॉनपर्यंतची भरलेली. १,५०० ला, जिथे बहुतेक पिकं कायमची कोमेजतात, ०.२ मायक्रॉनच्या खालची.

या आकड्यांशेजारी जीवांची मापं ठेवली की चित्र उघडतं. जिवाणू अर्धा ते दोन मायक्रॉन. बुरशीचे धागे साधारण २ ते १०. त्यांना खाणारे आदिजीव बहुतेक १० मायक्रॉनच्या पुढचे, काही अमीबा मात्र अंग बारीक करून ३-४ मायक्रॉनच्या फटीतही हात घालतात. सूत्रकृमी जाडीला १५ मायक्रॉनपासून पुढे. म्हणजे १ ते ३ मायक्रॉनच्या तोंडाची पोकळी जिवाणूला दुहेरी उपयोगाची : माती बऱ्यापैकी सुकली तरी तिथे पाणी असतं, आणि खाणारा आत येत नाही. वाहिन्यांसारख्या मोठ्या नळ्या वाफशाला रिकाम्या असतात. त्या हवेच्या आणि बुरशीच्या वाटा आहेत, जिवाणूंना लपायच्या जागा नव्हेत.

आणि मेख अशी की हे सूत्र पाणी घेणाऱ्या भिंतींसाठी आहे. ल-४०० सारख्या तेलकट कोळशात योग्य मापाचं छिद्रसुद्धा कोरडं राहतं. थेंबाची चाचणी दोन मिनिटांची आहे, पण छिद्रांच्या सगळ्या हिशेबाचं भवितव्य तिच्यावर आहे.

२० नोव्हेंबर : मुरवण

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग. एक कोरा, एक मुरवलेला. प्युमिससुद्धा मुरवलं.

मुरवणीचं प्रमाण घनफळाने : १ भाग कोळसा, १ भाग पूर्ण पिकलेलं, चाळलेलं कंपोस्ट. ओलावा एकूण वजनाच्या ५० ते ५५ टक्के. मूठ घट्ट दाबली तर बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. कोळसा आधी वेगळा भिजवून मगच मिसळला. कोरडा मिसळला तर तो कंपोस्टमधलंच पाणी ओढतो, मिश्रण दुसऱ्या दिवशी भुरभुरीत होतं आणि काम थांबतं. ल-४०० ला भिजवायला गरम पाणी वापरलं आणि वर जाळी ठेवून तो पाण्याखाली दाबून धरला.

नत्राचा हिशेब वहीत मांडून ठेवला, कारण ‘बायोचार नत्र खातो’ हे वाक्य प्रमाणाशिवाय फिरत असतं. समजा १ किलो कोळशात सहज खाता येईल असा कर्ब २० ग्रॅम आहे, कमी तापमानाच्या कोळशासाठी. त्यातला ४० टक्के सूक्ष्मजीवांच्या शरीरात गेला तर ८ ग्रॅम. त्यांच्या शरीरात कर्ब आणि नत्राचं प्रमाण ८ ला १ धरलं तर लागणारा नत्र १ ग्रॅम. हेक्टरी १० टन कोळसा घातला तर १० किलो नत्र. त्रासदायक, पण अनर्थ नाही. याशिवाय अमोनियमचा काही भाग कोळशाच्या पृष्ठभागावर अडकतो तो वेगळा. कोरा कोळसा घातल्यावर पीक पिवळं पडण्यामागे ही दोन्ही कारणं असतात.

हा नत्र युरियाने भरून काढायचा मोह होतो. साडेनऊ सामूच्या कोळशावर युरिया किंवा अमोनियम सल्फेट टाकलं तर बराच नत्र अमोनिया होऊन उडतो, वासावरूनच कळतं. आधी कंपोस्टमध्ये मुरवून सामू खाली आणावा, मग खताचं बघावं.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचं, तेरा प्रेताचं, उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. त्या मातीत कोळशाबरोबर हाडं, खापरं, विष्ठा, वस्तीचा कचरा असं सगळं शतकानुशतकं पडत आणि मुरत आलेलं आहे. कोऱ्या कोळशाच्या बाजूने तो पुरावा होत नाही. झालाच तर मुरवणीच्या बाजूने होतो.

२७ नोव्हेंबर

ढीग उलटले. तापमान खोलीच्या वर काहीच नाही. पिकलेलं कंपोस्ट वापरल्यामुळे हे बरोबर आहे. सडका वास नाही. ल-४०० च्या मिश्रणात पाणी कमी वाटलं, शिंपडलं.

१८ डिसेंबर : जाळीच्या पिशव्या

मुरवणीतून २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे चाळून काढले, सैल कंपोस्ट पाण्याच्या हलक्या धारेने काढलं. थेंबाची चाचणी परत : मुरवलेल्या ल-४०० वर थेंब आता काही सेकंदांत जातो. पृष्ठभागावर सेंद्रिय द्रव्यांचा पातळ लेप बसला आणि थोडं ऑक्सिडीकरण झालं की पाणी झटकण्याचा गुण कमी होतो. ल-६०० चा सामूही उतरला आहे.

पिशव्या नायलॉन जाळीच्या, ७ × ७ सेंटिमीटर, कडा उष्णतेने चिकटवलेल्या, प्रत्येकीत कोरड्या वजनाने १० ग्रॅम माल. वजन कोरडं धरायचं म्हणून त्याच मालाचा एक भाग १०५ अंशांना सुकवून ओलावा काढला. प्युमिस कोळशापेक्षा जड, म्हणून ते वजनाने न भरता तितक्याच घनफळाने भरलं.

जाळी दोन मापांची. ३० मायक्रॉनची मुळं अडवते, बुरशीचे धागे जाऊ देते. १ मायक्रॉनची धागेही अडवते, पाणी आणि लहान जिवाणू जाऊ देते. दोन्हींतला फरक हा बुरशीच्या वाटेचा हिशेब.

निर्जंतुक तुलनेसाठी काही पिशव्यांतला माल १२१ अंशांना अर्धा तास, लागोपाठ तीन दिवस, ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवला. एका फेरीत जिवाणूंचे सगळे बीजाणू मरतातच असं नाही. मधल्या काळात उरलेले रुजतात आणि पुढच्या फेरीत सापडतात. हा माल पुरण्यासाठी नाही, मोजणीच्या खात्रीसाठी बाटल्यांत.

पिशव्या १० सेंटिमीटर खोल, आडव्या, एकमेकींपासून १५ सेंटिमीटर. वर गवत आणि शेंगवर्गीय पिकाचं मिश्रण, कारण मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीला जिवंत मूळ लागतंच. १ मायक्रॉनच्या पिशवीभोवती त्याच मातीचा पातळ चिखल लेपला. नाहीतर जाळी आणि माती यांच्यात हवेचा थर राहतो, पाण्याचा धागा तुटतो आणि पिशवीतला माल सुकतो. मग बुरशी नसल्याचा परिणाम मोजतो आहोत असं वाटतं आणि मोजला जातो कोरडेपणा.

कुंड्यांसाठी प्रमाण : १५ सेंटिमीटर खोलीची, घनता १.३ असलेली माती दर चौरस मीटरला १९५ किलो भरते. चौरस मीटरला १ किलो बायोचार म्हणजे हेक्टरी १० टन, म्हणजे मातीच्या वजनाच्या अर्धा टक्का. लेखांत ‘२ टक्के’ सहज लिहिलेलं असतं. ते हेक्टरी जवळजवळ ३९ टन होतं, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

८ जानेवारी : श्वसन

एक लिटरची बरणी, ५० ग्रॅम माती, जलधारण क्षमतेच्या ६० टक्के ओलावा, २५ अंश. आत छोट्या कुपीत, श्वसनातला कार्बन डायऑक्साइड धरायला, ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिलिलिटर. माती नसलेल्या बरण्या तुलनेला. काढल्यावर आधी बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवायचं, मग फिनॉल्फथॅलिन हा दर्शक घालून उरलेला अल्कली ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजायचा. रिकाम्या बरणीपेक्षा जितके मिलिलिटर आम्ल कमी लागलं, त्या प्रत्येकाला ३ मिलिग्रॅम कर्ब. उदाहरणार्थ, रिकाम्या बरणीला १९.६ आणि मातीला १४.१ लागले तर फरक ५.५, म्हणजे १६.५ मिलिग्रॅम. या कुपीची कमाल क्षमता ६० मिलिग्रॅम. निम्म्यावर आली की बदलावी, नाहीतर पकड ढिली पडते आणि श्वसन मंदावल्यासारखं दिसतं.

बायोचारमुळे इथे तीन जागी फसगत होते. राखेतलं कार्बोनेट आम्लधर्मी मातीत विरघळून कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यात जीव कुठेच नसतो. उलट, जास्त सामूचा ताजा कोळसा हाच वायू स्वतःत ओढतो. आणि कोळशाचा स्वतःचा सहज खाता येणारा कर्ब सुरुवातीला भडका उडवतो. म्हणून निर्जंतुक माती अधिक निर्जंतुक कोळसा अशी एक बरणी चालवणं सक्तीचं. कोऱ्या ल-४०० चं श्वसन पहिल्या आठवड्यांत चढलं आणि मग साध्या मातीच्या जवळ आलं. त्याला ‘सूक्ष्मजीव वाढले’ म्हणणं घाईचं, ते जेवण संपल्याची रेषा आहे.

१५ जानेवारी : मोजणीआधीची मोजणी

छिद्रांत शिरू न शकणाऱ्या जिवाणूंना ज्या फटी नडत नाहीत, त्या मोजणाऱ्याला नडतात. कोळसा पेशी धरतो, डीएनए धरतो, क्लोरोफॉर्मच्या धुरीने पेशी फोडल्यावर मोकळा होणारा, जिवंत वस्तुमान मोजायला वापरतात तो कर्ब धरतो, रंगद्रव्यही धरतो. फ्लुओरेसीनची, म्हणजे सूक्ष्मजीवांची हालचाल रंगावरून मोजायची, चाचणी केली तर जिवाणूंनी तयार केलेला हिरवा रंग कोळसाच पिऊन टाकतो आणि मातीत हालचालच नाही असा निकाल हातात येतो.

उपाय एकच : माहीत असलेलं घालून परत किती मिळतं ते बघणे. १ ग्रॅम निर्जंतुक कोळशात १ कोटी पेशी घातल्या, दोन तास ठेवल्या, नेहमीच्या पद्धतीने काढून प्लेटवर मोजल्या. परतावा तिन्ही कोळशांत वेगळा, सर्वांत कमी ल-६०० चा. पुढचे सगळे आकडे प्रत्येक नमुन्याच्या स्वतःच्या परताव्याने भागून घ्यायचे. फ्लुओरेसीनसाठीही प्रमाणित द्रावणं त्याच माती-कोळशाच्या मिश्रणात बनवायची, साध्या बफरमध्ये नाहीत. धुरीच्या पद्धतीत ०.४५ चा नेहमीचा गुणक कोळसा नसलेल्या मातीवर बसवलेला आहे, तो इथे तसाच लावला तर जिवंत कर्ब कमी दिसतो. ही दुरुस्ती नसलेले बायोचारचे निकाल, वाढीचे असोत वा घटीचे, बाजूला ठेवलेले बरे.

२२ जानेवारी : पहिली काढणी

पिशवी उघडून माल तीन पायऱ्यांत काढला. आधी ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात हलकेच हलवून सैल माती. मग ०.१ टक्के सोडियम पायरोफॉस्फेटमध्ये अर्धा तास शेकरवर, हा बाहेरचा पृष्ठभाग. मग निर्जंतुक खलात फोडून, बर्फावर ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोन अल्ट्रासोनिक झटके, हा आतला भाग. बर्फ नसेल तर झटक्यांनी द्राव तापतो आणि पेशी तिथेच मरतात. दहापट विरलन, आर२ए हे जिवाणू वाढवायचं माध्यम, २५ अंश, ७ दिवस, ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटच धरायच्या. माध्यमात पोषक द्रव्यं जास्त असतील तर वेगाने वाढणारे थोडे प्रकार प्लेट व्यापतात, म्हणून सौम्य आर२ए.

पाहणीसाठी वेगळे तुकडे अ‍ॅक्रिडिन ऑरेंजने रंगवून प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली. कोळसा काळा असल्याने पार्श्वभूमी छान गडद मिळते, पण प्रकाश आत जात नाही. ताज्या मोडलेल्या तोंडावर दिसतं तेवढंच खरं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात चिकणमातीचे कण आणि गोल जिवाणू यांत गफलत होते. एका सुट्या गोळ्यावरून निष्कर्ष काढू नये, विभागणारी जोडी किंवा भोवतीचा चिकट पडदा दिसला तरच जिवाणू म्हणावं.

२ फेब्रुवारी : काय दिसलं

कोऱ्या ल-४०० आणि ल-६०० मध्ये वस्ती मुख्यतः बाहेर, आणि वाहिन्यांच्या तोंडाशी. तुकडा मध्यातून मोडला की आतल्या तंतुपेशी बहुतांश रिकाम्या. ज्या छिद्रांची मापं कागदावर सर्वांत सोयीची होती, तिथेच कोणी नाही. कारण जागेचं नसून वाटेचं आणि खाण्याचं आहे. त्या पोकळ्यांची तोंडं एकमेकांत बारीक खाचांतून उघडतात, आत मुळांचा स्राव पोचत नाही, कोळशाचा उरलेला कर्ब पचत नाही. जिवाणू आत गेला तरी खाईल काय?

मुरवलेल्या तुकड्यांत चित्र बदलतं, पण पूर्ण नाही. वाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर सेंद्रिय लेप, त्याच्या कडेने जिवाणूंचे पुंजके. ३० मायक्रॉनच्या पिशवीतल्या तुकड्यांत बुरशीचे धागे वाहिन्यांतून आरपार गेलेले, आणि धाग्यांच्या अंगालगत जिवाणू जास्त. १ मायक्रॉनच्या पिशवीत धागे नाहीत आणि आतली वस्तीही विरळ. आत खाणं नेणारी वाट बुरशी तयार करते, असा याचा सरळ अर्थ घेतो.

प्युमिस : मुरवलेल्या प्युमिसच्या बाहेरच्या अंगावर वस्ती कोळशाइतकीच. आत मात्र मुरवलेला कोळसा पुढे. प्युमिसच्या कित्येक पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि त्यांच्या भिंती सेंद्रिय द्रव्य तितकं धरत नाहीत. तूस दोघांच्या मागे.

बाहेरच्या पृष्ठभागाचं श्रेय कोळशाला देऊ नये, कोणत्याही खडबडीत तुकड्याला ते मिळतं. आतल्या वस्तीचं श्रेय तीन गोष्टींना मिळून : जोडलेल्या नळ्या, ओली होणारी भिंत, आधी बसवलेलं खाणं.

१६ फेब्रुवारी : गांडुळं

दोन कप्प्यांचा डबा, एका बाजूला नुसती माती, दुसऱ्या बाजूला कोळसा घातलेली, मधला पडदा काढून गांडुळं सांध्यावर सोडायची, ४८ तासांनी कोण कुठे ते बघायचं. कोरडा कोळसा मिसळला तर ती पळतात, तोच कोळसा भिजवून मिसळला तर बहुतेक राहतात. कोरडा कोळसा आजूबाजूचं पाणी ओढतो आणि त्यांच्या कातडीला ते सोसत नाही. विषारीपणाचा निष्कर्ष काढण्याआधी ही ओली-कोरडी जोडी करावी.

३ मार्च : नायट्रेट

मुरवलेल्या ल-६०० मधून २ मोलर पोटॅशियम क्लोराइडने नायट्रेट काढलं. नेहमीची पद्धत १ ला १० प्रमाण आणि तासभर शेकर. गाळून उरलेल्या तुकड्यांना तेच द्रावण परत घातलं तर परत नायट्रेट येतं, आणि त्यानंतरही येतं. मुरवणीत ते छिद्रांत आणि सेंद्रिय लेपामागे अडकलेलं असतं, तासाभरात बाहेर यायला वाट पुरत नाही. मातीसाठी पुरेशी असलेली पद्धत मुरवलेल्या बायोचारमध्ये नत्र कमी दाखवते. पुढच्या नमुन्यांसाठी तुकडे दळून, रात्रभर शेकर, आणि अर्क येईनासा होईपर्यंत पुन्हा.

१४ मार्च

कोऱ्या पिशव्यांचा एक संच जमिनीतच ठेवला आहे. पृष्ठभाग हळूहळू ऑक्सिडीकृत होतो, त्यावर आम्लगट तयार होतात, मातीतलं सेंद्रिय द्रव्य लेपत जातं. कोरा कोळसा जमिनीत स्वतःहून मुरून मुरवलेल्याला गाठतो का, हे त्यांच्यावरून कळेल. खुणेच्या काड्या प्लास्टिकच्या आहेत, लाकडी सडतात. पिशवी काढताना आधी चारी बाजूंची मुळं कात्रीने कापायची, पिशवी ओढायची नाही. १ मायक्रॉनच्या जाळीची चिकटवलेली कड सुटली की आतली बुरशी कधी आणि कुठून आली हे सांगता येत नाही, तो नमुना यादीतून खोडायचा.